बॉनेट उघडून : रोज चालवायची जुनी स्पोर्ट्स कार

गेल्या वेळी जुन्या सेडानबद्दल लिहिताना शेवटी सहज म्हणून गेलो होतो, की स्पोर्ट्स कारबद्दल काही विचारायचं असेल तर विचारा. विचारलंत, आणि भरपूर विचारलंत. त्यातली काही पत्रं आणि त्यांची उत्तरं आज देतोय. ‘सगळ्यात वेगवान कोणती’ छापाची पत्रं बाजूला ठेवली आहेत. गाडी रोज चालवायची म्हटल्यावर तो प्रश्न रांगेत शेवटचा येतो.

काका, माझं वय बेचाळीस. रोज जाऊन-येऊन पन्नास किलोमीटर, अर्धे शहरातले आणि अर्धे मोकळ्या रस्त्याचे. घरात मोठी गाडी आहे, ती कुटुंबासाठी. मला छोटी, रिअर व्हील ड्राइव्ह (इंजिनचा जोर मागच्या चाकांना देणारी) गाडी हवी आहे. रविवारी पुसून ठेवायला नको, रोज ऑफिसला न्यायला हवी. तीन गाड्या नजरेत आहेत : तिसऱ्या पिढीची माझ्दा एमएक्स-5, पहिल्या पिढीची पोर्शे बॉक्सटर आणि माझ्दा आरएक्स-8. तिन्हींची मागितलेली किंमत जवळपास सारखीच. मन बॉक्सटरवर आहे. काय करू?

आधी सोपं काम उरकू. आरएक्स-8 यादीतून काढा. गाडी वाईट म्हणून नव्हे. वळणावर ती इतकी गोड चालते, की चालवून परत आल्यावर माणूस सही करायला पेन शोधतो. पण तिच्यात पिस्टनच नाहीत, त्यांच्या जागी तिकोनी रोटर फिरतात. तिचं 1.3 लिटरचं रोटरी इंजिन जात्याच थोडं ऑइल जाळतं, कारण आतल्या सीलना वंगण मिळावं म्हणून ते मुद्दाम आत सोडलेलं असतं. म्हणजे पेट्रोल भरताना ऑइलही बघायचं, हे कायमचं. शिवाय थंड इंजिन सुरू केलं, गाडी दारातून बाजूला घेतली आणि लगेच बंद केली, की पुढच्या वेळी ती पेट्रोलने तुंबून सुरू न होण्याचा धोका असतो. रोजच्या गाडीला नेमक्या अशाच खोड्या सोसाव्या लागतात. ज्याला तिचंच वेड आहे त्याने ती घ्यावी. घेताना इंजिन गरम झाल्यावर बंद करून पुन्हा सुरू करून बघावं आणि कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिनच्या आतला दाब, रोटरीच्या खास मीटरवरच तपासून घ्यावं. साध्या मीटरला रोटरच्या तीन बाजू वेगवेगळ्या मोजता येत नाहीत. तुम्हाला ते वेड नाही, हे पत्रावरून दिसतंच आहे.

आता तुमची बॉक्सटर. ‘किंमत जवळपास सारखी’ या वाक्याशी मी थांबलो. गाडीची किंमत वर्षांनुवर्षं उतरत जाते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. 1996 साली बाजारात आली तेव्हा ती एमएक्स-5 पेक्षा कितीतरी महाग होती. आज दोघी एका भावात उभ्या दिसतात, पण ब्रेक डिस्क, सस्पेन्शनचे हात, एसीचा कंडेन्सर घ्यायला गेलात की जुना फरक दुकानदार पुन्हा दाखवतो. म्हणून मी सगळ्यांना सांगतो, की जुन्या गाडीचं बजेट ठरवताना ती नवी असताना कोणाच्या खिशातली होती हे आधी बघा.

दुसरी गोष्ट तुम्ही ऐकलीच असेल : आयएमएस बेअरिंग. क्रँकशाफ्टची गती व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टपर्यंत नेणारा एक मधला दांडा या इंजिनात आहे. त्याच्या एका टोकाचं बेअरिंग गेलं, की टायमिंग, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ, सुटतं, व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिन संपतं. सुरुवातीच्या गाड्यांत गोळ्यांच्या दोन ओळींचं बेअरिंग होतं, ते जास्त टिकाऊ. साधारण 2000 पासून एका ओळीचं आलं आणि तक्रारी वाढल्या त्या त्याच्याच. कंपनीने हा दांडाच काढून टाकला तो 2009 च्या नव्या इंजिनांत. म्हणून सगळ्या बॉक्सटर बाद असं मी म्हणणार नाही, बहुतेक गाड्या या बेअरिंगसह वर्षानुवर्षं चालल्या आहेत. पण गिअरबॉक्स खाली उतरवल्याशिवाय त्याला हात घालता येत नाही, आणि क्लच बदलतानाही तो उतरवावाच लागतो. तेव्हा विकणाऱ्याला एवढंच विचारा, की क्लच शेवटचा कधी बदलला आणि तेव्हा हे बेअरिंग बदललं का? पावती दाखवली तर पुढे बोला. ‘बदललंय बहुतेक’ हे उत्तर आलं तर बदललेलं नाही असंच धरा. जमलं तर जुना ऑइल फिल्टर कापून आतला कागद पसरून उजेडात बघा. सोनेरी किंवा रुपेरी चमक दिसली तर तिथूनच परत फिरा.

बॉक्सटरमध्ये आणखी एक जागा आहे, जी घेणारा बघतच नाही. पुढच्या बंपरला डाव्या-उजव्या बाजूला जी तोंडं आहेत, त्यांच्या आत रेडिएटर आहेत आणि त्यांच्या पुढे एसीचे कंडेन्सर. तिथे मोबाइलचा दिवा आत धरा. वाळलेली पानं, कागदाचे कपटे, कधी अख्खी प्लास्टिकची पिशवी सापडते. हा कचरा ओला राहतो, त्यातून कंडेन्सर कुजतो आणि मालक म्हणतो, ‘एसीमध्ये गॅस भरायचा राहिलाय.’ गॅस भरून काही होत नाही, तो पुन्हा निघून जातो. तसंच सीटखालचा गालिचा हाताने दाबा. छताचं पाणी वाहून नेणारी भोकं तुंबली की पाणी आत येतं, आणि या गाडीत चावी-अलार्मचा कंट्रोलर ड्रायव्हरच्या सीटखालीच बसवलेला आहे. गालिचा दमट लागला तर ती गाडी तुम्हाला रोज ऑफिसला नेईल याची मी हमी देणार नाही.

राहिली एमएक्स-5. 2005 ते 2015 या काळातली, वजन सुमारे 1100 किलो, इंजिनला टायमिंग चेन असल्यामुळे बेल्ट बदलण्याचा मुहूर्त बघायला नको. इंजिन साधं, कोणताही धड मेकॅनिक उघडू शकेल असं. तिचा शत्रू एकच : गंज. मागच्या चाकांच्या कमानी आतून बोटाने चाचपा, दाराखालच्या उंबऱ्यावरची प्लास्टिकची पट्टी मागच्या टोकाला जरा वाकवून आत बघा. फुगलेला रंग म्हणजे आतून सुरू झालेला गंज बाहेर पोहोचलाय. आणि चुंबक लावून पुट्टी शोधणाऱ्यांसाठी : हिचं बॉनेट आणि डिकीचं झाकण ॲल्युमिनियमचं आहे. तिथे चुंबक चिकटला नाही म्हणून विकणाऱ्याशी भांडू नका.

तुमच्या रोजच्या पन्नास किलोमीटरला माझं मत एमएक्स-5. बॉक्सटरची फाइल जाडजूड असेल, बेअरिंगची पावती असेल आणि किमतीच्या पाचव्या हिश्शाइतकी रक्कम पहिल्या वर्षाच्या कामासाठी बाजूला काढता येत असेल, तर मनाप्रमाणे करा. तिला पुढे आणि मागे अशा दोन डिक्या आहेत, हा ऑफिसवाल्यांसाठी फायदा कोणी बोलत नाही पण मोठा आहे.

एकाच मॉडेलच्या, एकाच वर्षाच्या दोन टोयोटा जीटी86 बघितल्या. एक 22,000 किलोमीटर चाललेली, कव्हरखाली ठेवलेली, चकाचक. दुसरी 1,15,000 चाललेली, सीटची कड झिजलेली, पुढच्या बंपरवर खड्यांचे टोचे. पहिलीची किंमत बरीच जास्त आहे. कमी चाललेली घ्यावी, असं सगळे सांगतात.

सगळ्यांना सांगू द्या. तुम्ही दुसरी बघा.

रोज चालवायची गाडी रोज चाललेली असावी, हे माझं जुनं म्हणणं आहे आणि ते मी सोडणार नाही. उभी गाडी झिजत नाही, पण बिघडते. तेलाचे सील सुकतात, ब्रेक फ्लुइड ओलावा शोषतं, डिस्कवर गंजाची पायरी चढते, बॅटरी पुन्हा पुन्हा खाली जाऊन अर्धमेली होते. त्याहून वाईट म्हणजे ‘आठवड्यातून एकदा दहा मिनिटं सुरू करून ठेवतो’ हे प्रेम. दहा मिनिटांत इंजिनचं पाणी गरम होतं, ऑइल पुरतं गरम होत नाही. आतला ओलावा आणि न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्येच राहतं. ऑइल भरायचं झाकण उघडून खालच्या बाजूला पांढरट, लोण्यासारखा थर दिसला तर तो बहुतेक याच प्रेमाचा असतो. पण हेड गॅस्केट (इंजिनच्या दोन भागांमधलं सील) गेल्यावरही असाच थर धरतो, तेव्हा कूलंटची पातळी आणि रंग सोबत बघायचाच.

पहिल्या गाडीचं एक बघून या. टायरच्या बाजूवर डीओटी या अक्षरांच्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. 2317 असेल तर तो टायर 2017 सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. बावीस हजार चाललेल्या गाडीला कंपनीचेच टायर असण्याची शक्यता दाट. नक्षी भरपूर, दिसायला नवे, आणि रबर मात्र लाकूड झालेलं. अशा टायरवर ओल्या रस्त्यात रिअर व्हील ड्राइव्ह गाडीचं शेपूट कधी पुढे येईल सांगता येत नाही. म्हणजे जादा किंमत दिलीत, वर चार टायर, बॅटरी, सगळी तेलं आणि बहुधा ब्रेकही.

दुसऱ्या गाडीच्या बंपरवरचे टोचे म्हणजे ती मोकळ्या रस्त्यावर, गरम इंजिनावर चालली याचा दाखला. फक्त झीज गिअरपर्यंत पोहोचलीय का ते बघा. इंजिन थंड असताना पहिल्यातून दुसऱ्यात टाकताना करकर येते का? वरच्या गिअरमध्ये, कमी वेगात, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर आरपीएमचा काटा वर पळतो आणि गाडी मागे राहते का? राहत असेल तर क्लच प्लेट संपली, तेवढे पैसे कमी करून मागा.

जीटी86 साठी एक विशेष. 2012-13 मधल्या सुरुवातीच्या गाड्यांच्या व्हॉल्व्ह स्प्रिंगसाठी कंपनीने नंतर गाड्या परत बोलावल्या होत्या. हे काम वरवरचं नसतं, इंजिन उघडावं लागतं. चासी नंबर देऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये विचारा, की काम झालं का आणि त्यानंतर इंजिनमधून कुठे तेल झिरपतंय का. बाकी ही गाडी रोजच्या वापराला फार समंजस आहे. कंपनीने तिला टायर दिले ते प्रियसलाही बसणारे, साधे, अरुंद. मागची सीट पाडली की आत चार टायर मावतात. माणसं मात्र मागे बसवू नका, भांडणं होतात.

ट्रॅफिकमध्ये क्लच दाबून गुडघा जातो. ऑटोमॅटिक स्पोर्ट्स कार घेतली तर मित्र हसतील का?

हसू द्या, गुडघा त्यांचा नाही. नेहमीच्या टॉर्क कन्व्हर्टरवाली ऑटोमॅटिक जुन्या गाडीत सगळ्यात कमी त्रासाची. दोन क्लचवाली असेल तर ऑइलमध्ये बुडालेले क्लच कोरड्यांपेक्षा गर्दीत बरे टिकतात, पण त्यांचं ऑइल ठरल्या वेळी बदललेलं असलं पाहिजे. फोक्सवॅगनच्या सहा गिअरवाल्या डीएसजी या अशाच गिअरबॉक्सला ते दर 60,000 किलोमीटरला लागतं. ‘लाइफटाइम ऑइल आहे, बदलावं लागत नाही’ असं कोणी म्हणालं, तर कोणाचं लाइफटाइम ते विचारा. साधाच गिअरबॉक्स आणि क्लच यंत्राने दाबायचा, अशी एक जात 2000 च्या आसपास निघाली होती. ती गर्दीसाठी नको. इंच इंच सरकताना क्लच जळतो आणि गाडी मानेला हिसके देते.

आणि एक आपलं सहज. होंडा एस2000 चं इंजिन सुमारे 9,000 आरपीएमपर्यंत जातं, पण त्याचा खरा जोर 6,000 च्या वर. तुमच्या ट्रॅफिकमध्ये तो जोर तुम्हाला महिनोन्महिने भेटणार नाही. कागदावरची ताकद बघण्याऐवजी 2,000 ते 4,000 मध्ये गाडी कशी ओढते ते बघा. रोजचं आयुष्य तिथेच जातं.

नमस्कार. मला पंधरा वर्षांपासून छोटी दोन सीटर गाडी घ्यायची होती, आता जमतंय. पण कमरेचा जुना त्रास आहे. घरचे म्हणतात, विचार सोड. सोडू का?

नका सोडू, ताई. पण गाडी इंजिनवरून निवडू नका, सीटवरून निवडा.

टेस्ट ड्राइव्हला जाताना जे कपडे घालून तुम्ही कामाला जाता तेच घालून जा. छत बंद ठेवायला सांगा आणि बसा, उतरा, पुन्हा बसा. शेजारी गाडी उभी आहे असं समजून दार अर्धंच उघडा. लोटस एलिससारख्या गाडीत चासीचा ॲल्युमिनियमचा रुंद उंबरा ओलांडून जावं लागतं. छत उघडं असताना ती गंमत वाटते, बंद असताना ती योगासनं होतात. मग किमान अर्धा तास चालवा, आणि त्यातला बराचसा भाग खराब रस्त्यावर. पाचव्या मिनिटाला प्रत्येक सीट चांगली वाटते. कमरेचं खरं मत विसाव्या मिनिटानंतर कळतं.

दुसरं, चाकांचा आकार. एकाच मॉडेलची साधी आवृत्ती सोळा-सतरा इंची चाकांवर येते आणि महागडी अठरा-एकोणीसवर. मोठ्या चाकाला टायरची भिंत बारीक, म्हणजे खड्ड्याचा धक्का रबर न खाता तुमचा मणका खातो. साधी आवृत्ती घ्या, टायरही स्वस्त पडतील. तुमच्या मनातली गाडी मोठ्या चाकांची असेल तर त्याच मॉडेलची छोटी मूळ चाकं बसतात का विचारा. फक्त ब्रेक आत मावतात याची खात्री करून.

क्लच किती जड आहे, मागचं दिसतं का आणि सीटची उंची बदलता येते का, हेही बघाच. घरच्यांना दुसऱ्या फेरीला सोबत न्या. पहिल्या फेरीला नको.

विकणारा म्हणतो, गाडी लोअर केलीय, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) रिमॅप आहे, सायलेन्सर मोठा आहे, हे सगळं फुकट मिळतंय. फायदा ना?

त्याने त्याच्या मजेसाठी केलेल्या कामांचं बिल तुम्हाला पुढे भरायचं आहे. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकलेला असेल तर धुराच्या तपासणीत गाडी अडकेल. बदल विमा कंपनीला सांगितलेले नसतील तर अपघातानंतर दावा अडकेल. लोअर केलेल्या गाडीचं स्टिअरिंग पूर्ण वळवा आणि पुढच्या टायरची आतली कड हाताने चाचपा, मागच्याही. बाहेरून नक्षी छान आणि आतल्या कडेला तार लागते, असं मी कितीदा बघितलंय. मूळ स्प्रिंग, मूळ सायलेन्सर जपून ठेवलेत का, हे विचारा. ठेवले असतील तर माणूस नीट आहे, बोलणी करा. नसतील तर मॉडिफाय न केलेली दुसरी शोधा. ती असतेच, फक्त फोटोत कमी उठून दिसते.

ओळखीचा मेकॅनिक नाही. एकट्याने गाडी बघायला गेलो तर काय बघू?

शक्य असेल तर पैसे देऊन तपासणी करून घ्याच. गाडी उचलून खालून बघितल्याशिवाय पैसे मोजू नयेत. पण पहिली चाळणी तुम्ही एकटे लावू शकता.

विकणाऱ्याला आदल्या दिवशी सांगा, मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. गेल्यावर पहिलं काम, बॉनेटवर तळहात ठेवा. कोमट लागलं तर कारण विचारा. थंड इंजिन पहिल्या काही सेकंदांत जे बोलतं ते नंतर बोलत नाही : चेनची खडखड, टॅपेटचा आवाज, सायलेन्सरमधून निळा धूर. पांढरी वाफ थोडा वेळ येऊन थांबली तर चिंता नाही. निळा म्हणजे ऑइल जळतंय. सुरू करायच्या आधी चावी ऑन करून बघा, इंजिनचा पिवळा दिवा लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. मुळातच लागत नसेल तर कोणीतरी तो बंद करून ठेवलाय.

गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणारा एक साधा ओबीडी स्कॅनर जवळ ठेवा, मोबाइलला जोडणारा चालतो. दोष दिसला नाही म्हणून खूश होऊ नका. ‘रेडिनेस’ नावाचं पान उघडा. तिथे बऱ्याच चाचण्या अपूर्ण दिसत असतील तर कोणीतरी नुकतेच दोष पुसलेत किंवा बॅटरी काढली होती. अशा वेळी सरळ विचारायचं, आणि गाडी दोन-चार दिवस चालवून मग पुन्हा स्कॅन करू द्या म्हणायचं.

रंगाची जाडी मोजणारं मीटर मिळालं तर उत्तम. कंपनीचा रंग साधारण 100 ते 150 मायक्रॉनचा असतो. एखाद्या पत्र्यावर आकडा तीनशेच्या वर गेला तर तिथे दुसऱ्यांदा रंग आहे, हजारावर गेला तर खाली पुट्टी. मीटर नसेल तर बॉनेटच्या आणि मडगार्डच्या बोल्टकडे बघा. डोक्यावरचा रंग पान्याने उडालेला असेल तर तो भाग कधीतरी काढला गेलाय. दारांच्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढल्यावर तळाशी पाण्याची रेघ किंवा माती आहे का, हेही दोन मिनिटांचं काम.

कागद मात्र घाईत बघू नका. सर्व्हिस बुकातल्या शिक्क्यांपेक्षा सुट्या पावत्या जास्त खरं बोलतात, कारण त्यांच्यावर तारीख, किलोमीटर आणि काय बदललं हे तिन्ही असतं. त्या तारखेप्रमाणे लावा. किलोमीटर चढत गेले पाहिजेत. मधे दोन-तीन वर्षं एकही पावती नसेल तर त्या काळात गाडी कुठे होती, कोणाकडे होती, हे विचारा. उत्तर देताना मालक स्वतःच दुसरी फाइल आणायला आत गेला, तर थांबा, चहा पाणी काही विचारलं तर हो म्हणा आणि ती फाइलही पूर्ण वाचून काढा.